निगमाचं बजेट आणि 'प्रत्यक्ष'चा रकाना

लोकमान्यनगरकर (इंदूर)

एप्रिल उजाडला की आमच्या सकाळच्या कट्ट्यावर एकच आकडा फिरतो. यंदा निगमाचं, म्हणजे इंदूर महापालिकेचं, बजेट किती हजार कोटींचं? २०२५-२६चं आठ हजार कोटींच्या पुढचं होतं. पेपरात आकडा ठळक छापून आला, पार्षदांनी (नगरसेवकांनी) तो भाषणात वापरला आणि आम्ही निवृत्त मंडळींनी पोह्यांवर शेव भुरभुरवत माना डोलावल्या.

मी एकतीस वर्षं बँकेत काढली. कर्ज मागायला आलेला माणूस पुढच्या वर्षी किती कमावणार हे आम्ही अगदी शेवटी विचारायचो. आधी मागच्या तीन वर्षांचं काढ म्हणायचो. निगमाला मात्र आपण फक्त पुढच्या वर्षाचं विचारतो. बजेटच्या पुस्तकात प्रत्येक बाबीपुढे रकाने असतात: आधीच्या वर्षी प्रत्यक्ष किती झालं, चालू वर्षाचा अंदाज, त्याचा सुधारलेला अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. बातमी होते ती शेवटच्या रकान्याची. 'प्रत्यक्ष'च्या रकान्याला कुणी वाली नाही.

आमच्या गणपती मंडळाचं सांगतो, म्हणजे मुद्दा कळेल. एका वर्षी उत्साहाच्या भरात वर्गणी ३ लाख धरली. मांडव, साउंड, ऑर्केस्ट्रा सगळं त्या हिशेबाने ठरलं. हातात आले सव्वादोन. मांडववाल्याची बाकी पुढच्या वर्षीच्या वर्गणीतून दिली आणि त्याने पुढच्या वर्षीचा भाव गुपचूप वाढवला. खर्च कुणी उधळला नव्हता, पैसे कुणी खाल्ले नव्हते. फक्त जमा फुगवून धरली होती.

तर धाग्याचं कारण हे. आपल्या वॉर्डाच्या नावावर मागच्या वर्षी काय धरलं होतं आणि त्यातलं किती झालं, एवढा एकच प्रश्न पार्षदाला विचारायचा असं कट्ट्यावर ठरतंय. वॉर्ड ८५ आहेत, आमचा एक. कुणाला असं काही करून पाहिल्याचा अनुभव असेल तर लिहा. राजकीय पक्षांची नावं कृपया नकोत, नाहीतर धागा पोह्यांसारखा कोरडा व्हायला वेळ लागत नाही.

पोहे_जलेबी (इंदूर)

काका, अख्ख्या शहरात बजेट वाचणारे तीनच. एक तुम्ही, एक लेखा शाखेतला बाबू आणि एक पत्रकार. त्यातला पत्रकार थेट शेवटच्या पानावर जातो.

मोतीमहाल (ग्वाल्हेर)

ग्वाल्हेरहून लिहितोय. नोकरी एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयात झाली, त्यातली काही वर्षं स्थानिक संस्थांचे हिशेब तपासण्यात. धागाकर्त्याचं निदान बरोबर आहे, पण रकान्याच्याही आधी बेरीज कशाची आहे ते पाहा.

एकूण आकड्यात मागची शिल्लक असते, कर्ज असतं, केंद्राच्या योजनांचे पैसे असतात आणि "येतील" असं गृहीत धरलेलं अनुदानही असतं. हे सगळं बाजूला काढा. मग उरतं ते निगमाचं स्वतःचं: संपत्तिकर, जलकर, कचरा शुल्क, नकाशे मंजुरीची फी, दुकानांचं भाडं. हे झालं घरच्या कर्त्याचं उत्पन्न. बाकीचं भोपाळ आणि दिल्लीहून येणारी मनीऑर्डर.

ही मनीऑर्डर कशी सुरू झाली तेही सांगतो, कारण तरुणांना हे ठाऊक नसतं. मध्य प्रदेशात १९७६ साली चुंगी, म्हणजे जकात, बंद झाली. तोवर गावाच्या वेशीवर नाका असायचा, बैलगाडीपासून ट्रकपर्यंत सगळ्यांना पावती फाडावी लागायची. व्यापाऱ्यांना जाच होता, भ्रष्टाचार होता, सगळं खरं. पण तो पैसा पालिकेचा होता आणि रोज गल्ल्यात पडायचा. त्या जागी आली चुंगी क्षतिपूर्ती, म्हणजे शासन नुकसानभरपाई देणार. ती किती आणि कधी, हे देणारा ठरवतो. पथदिव्यांचं आणि पाणीपंपांचं वीजबिल थकलं की तेही याच रकमेतून परस्पर वळतं होतं. घरभाडं देण्याआधीच सासऱ्याने पगारातून उधारी कापून घेतल्यासारखं.

पालिकांना घटनेत स्थान देणारी ७४वी घटनादुरुस्ती १९९३पासून लागू झाली. बाराव्या अनुसूचीत १८ विषय शहरांकडे देता येतील असं लिहिलं. कामं आली, पण कुठला कर लावायचा हे राज्याच्याच हातात राहिलं. म्हणून "निगमाने शिस्त पाळावी" म्हणताना निम्मी शिस्त वल्लभ भवनाकडेही, म्हणजे भोपाळच्या मंत्रालयाकडेही मागावी लागते, हे विसरू नका.

आता वाचायचं कसं. कुठलीही एक कमाईची बाब घ्या, समजा संपत्तिकर. तीन वर्षांचे अंदाज आणि तीन वर्षांचं प्रत्यक्ष शेजारी शेजारी लिहा. समजा दरवर्षी १०० धरतात आणि ६० येतात. चौथ्या वर्षी १३० धरले तर तो अंदाज नव्हे, नवस आहे. त्या नवसाच्या भरवशावर जी कामं मंजूर होतात, त्यांची बिलं उद्या कुणाच्या तरी टेबलाखालच्या फडताळात पडून राहणार. रोख पद्धतीच्या हिशेबात ती दिसतही नाहीत, कारण पैसे दिले तेव्हाच खर्च लिहायचा. २००४ साली केंद्राने नगरपालिकांसाठी लेखा नियमावली काढून उपार्जन पद्धत, म्हणजे देणं लागू झालं त्याच दिवशी नोंद, सुचवली ती याचसाठी. कागदावर बऱ्याच ठिकाणी ती आलीही आहे. बजेट मात्र अजून रोखीच्याच भाषेत बोलतं, त्यामुळे ताळेबंद एक सांगतो आणि बजेट दुसरंच.

सिमेंट_गिट्टी (उज्जैन रोड)

मोतीमहाल काकांच्या त्या फडताळातली बिलं माझी आहेत. :)

माळव्यातल्या एका छोट्या नगरपालिकेत नालीचं काम केलं होतं. नाव सांगत नाही, अजून सिक्युरिटी डिपॉझिट अडकलंय. वर्क ऑर्डर मिळाली, काम तीन महिन्यांत संपवलं, एमबी (कामाच्या मोजमापाची वही) भरली गेली, रनिंग बिल निघालं. फायनल बिलाला सतरा महिने. मधल्या काळात सिमेंटवाल्याला आणि मजुरांना मी पैसे दिले, तेही दीड टक्का महिना व्याजाने उचलून.

तुम्ही म्हणाल पालिकेचं काय गेलं? सांगतो. पुढचं टेंडर भरताना मी एसओआरच्या, म्हणजे सरकारी दरपत्रकाच्या, वीस टक्के बिलो (खाली) जाऊ शकत होतो, सात टक्केच गेलो. ज्यांना थांबणं परवडत नाही ते टेंडर भरतच नाहीत. मग उरतात दोन-तीन जण, ते आपसात ठरवतात. आणि काही जण तरीही वीस टक्के बिलो जातात आणि काम पेटीवर, म्हणजे पोटठेक्याने, दुसऱ्याला देतात. तो तिसरा माणूस गिट्टी कमी टाकणार नाही तर काय करणार? पहिल्या पावसात उखडलेली सडक पाहून लोक ठेकेदाराला शिव्या देतात. द्या, आमची सवय आहे. पण त्या खड्ड्याची सुरुवात बजेटच्या पानावर झालेली असते.

लोकमान्यनगरकर (इंदूर)

सिमेंट_गिट्टी, आमच्या मांडववाल्याची बाजू आज पहिल्यांदा कळली.

सयाजीबाग (वडोदरा)

बडोद्याहून दोन पैसे. आमच्याकडे जकात २००७च्या नोव्हेंबरात गेली, म्हणजे तुमच्यानंतर तीस वर्षांनी. तेव्हापासून आमचीही भरपाईच.

पण मला बाँडबद्दल, म्हणजे पालिकेच्या कर्जरोख्यांबद्दल लिहायचंय. आमच्या पालिकेने २०२२च्या मार्चमध्ये १०० कोटींचे बाँड काढले, ७.१५ टक्क्यांनी. त्याआधी वर्षभर कागदपत्रांची जी धावपळ असते ती पाहण्यासारखी: लेखापरीक्षण झालेले ताळेबंद, पतमानांकन, कुठल्या करातून परतफेड होणार त्याची सोय. कराची वसुली आधी एका एस्क्रो खात्यात जाते, त्यातून व्याज आणि मुद्दलाची तरतूद बाजूला पडते, मग उरलेलं पालिकेच्या हातात. नंतरही सेबीच्या नियमांप्रमाणे हिशेब ठरावीक मुदतीत जाहीर करावे लागतात. केंद्र सरकार वर बक्षीस देतं, अमृत योजनेत दर १०० कोटींच्या बाँडमागे १३ कोटी.

यात चांगलं काय? कर्ज चांगलं नव्हे, कर्ज ते कर्जच. पण सावकार डोळ्यांत तेल घालून बसला की हिशेब वेळेवर होतात.

अवांतर: आजव्याचं धरण सयाजीरावांच्या काळातलं, १८९०च्या दशकातलं. शहर आजही त्याचं पाणी पितं. बांधायला पैसा लागला तो एकदाच. पुढची सव्वाशे वर्षं कुणी ना कुणी देखभालीचा पैसा बाजूला ठेवत आलं, त्याचा दगड मात्र कुठे बसवलेला नाही.

लोकमान्यनगरकर (इंदूर)

सयाजीबाग, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. २०२३च्या फेब्रुवारीत आमच्या निगमाने २४४ कोटींचे ग्रीन बाँड थेट सामान्य लोकांसाठी काढले. जलूदला ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला. नर्मदेचं पाणी जलूदहून उचलून सुमारे ७० किलोमीटर लांब इंदूरला आणायचं, त्याचं वीजबिलच महिन्याला २५ कोटींच्या आसपास. तेव्हा हेतू अगदी रास्त. दर ८.२५ टक्के, व्याज सहामाही. कमीत कमी १० बाँड, म्हणजे १०,००० रुपये. मूळ इश्यू १२२ कोटींचा, त्याला मागणी जवळजवळ सहापट आली. मीही दहा घेतले, बँकवाल्याची खोड.

तर आता गंमत पाहा. दहा हजाराचा बाँडधारक म्हणून माझ्यासाठी निगम ठरल्या तारखेला हिशेब मांडतो. आणि चाळीस वर्षं संपत्तिकर भरणारा नागरिक म्हणून वॉर्डात काय झालं हे विचारायला मला ओळख काढावी लागते. बाँडचे दहा हजार जास्त मोलाचे कसे झाले?

नदीकाठ (पुणे)

इंदुरी मराठी वाचायला मजा येते. 'सडक', 'पार्षद', 'बाबू'! असो.

ओळख काढायची गरज नाही. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ख) वाचा. प्रत्येक शाखेला दिलेलं बजेट, नियोजित खर्च आणि प्रत्यक्ष वाटप कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायचं असं त्यात लिहिलंय. अर्ज नंतरची गोष्ट.

आमच्याकडे पुण्यात २००६पासून नागरिकांकडून बजेटसाठी कामं मागवतात. छोटी कामं, आपल्या प्रभागातली. पदपथ, बाक, दिवे. ऐकायला छान आहे, पण मी तीन वर्षं फॉर्म भरल्यावर शहाणा झालो. सुचवणारे उदंड, नंतर विचारणारा कुणी नाही. यादीत नाव आलं की लोक फोटो टाकतात आणि विसरतात. त्यामुळे धागाकर्त्याचा उलट्या बाजूचा प्रश्न मला जास्त पटला. नवं काय हवं हे विचारू नका, जुन्याचं काय झालं ते विचारा.

पोहे_जलेबी (इंदूर)

पुणेकरांनी 'मला पटलं' लिहिलंय. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

मोतीमहाल (ग्वाल्हेर)

वॉर्डनिहाय यादीचा आणखी एक फायदा आहे, तो हिशेब तपासनीसाच्या अनुभवातून सांगतो. २०२४च्या एप्रिलमध्ये तुमच्याच शहरात २८ कोटींच्या बोगस बिलांचं प्रकरण निघालं. ड्रेनेज लाइन टाकल्याची बिलं, लाइन मात्र जमिनीत नाही. पाच फर्मवर गुन्हे दाखल झाले. पुढे तपासात रक्कम वाढत गेली.

कागदांपुरता मी याचा विचार करतो तेव्हा वाटतं, फाईल तपासणाऱ्याला जमीन दिसत नाही. वर्क ऑर्डर आहे, एमबी आहे, सह्या आहेत, बिल जुळतं. ऑडिट कागदाला कागद लावून पाहतं. पण "अमुक गल्लीत इतके मीटर लाइन, इतके लाख" असं एक पान त्या गल्लीतल्या किराणा दुकानाबाहेर लावलेलं असतं, तर दुकानदाराने पहिल्याच दिवशी विचारलं असतं, खोदलं कधी? सडक खोदलेली सगळ्यांना आठवते, महिनाभर स्कूटर घसरलेली असते.

खासगी_दौलत (इंदूर, जुना तोफखाना)

थोडा इतिहास, विषयाला धरूनच. होळकरांच्या राज्यात दोन वेगळ्या थैल्या होत्या. दौलत म्हणजे राज्याचा खजिना आणि खासगी म्हणजे राणीच्या नावची जहागीर. १७३४ साली गौतमाबाईंपासून सुरू झालेली. अहिल्याबाईंनी देशभर घाट, देवळं, धर्मशाळा बांधल्या त्या खासगीतून. फौज आणि कारभार दौलतीवर. एका थैलीतलं दुसरीत सहज जात नसे.

आजच्या निगमातही थैल्या आहेतच. वित्त आयोगाचा काही पैसा पाणी, स्वच्छता, हवा अशा कामांनाच बांधलेला असतो, बाँडचा एस्क्रो वेगळा, पगाराचा वेगळा. १५व्या वित्त आयोगाने तर अटच घातली: तपासलेले हिशेब ऑनलाइन टाका आणि संपत्तिकराची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या (जीएसडीपी) वाढीच्या गतीने वाढवून दाखवा, तरच अनुदान. गोंधळ होतो तो पगाराला कमी पडलं की योजनेच्या थैलीत हात घालायचा मोह होतो तेव्हा.

सिमेंट_गिट्टी (उज्जैन रोड)

मोह नाही हो, सप्टेंबर उजाडतो. दिवाळीचा बोनस.

लोकमान्यनगरकर (इंदूर)

नुसत्या तक्रारी नकोत म्हणून एक चांगलं उदाहरण. देवगुराड्याच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर वर्षानुवर्षांचा कचऱ्याचा डोंगर होता, सुमारे १३ लाख टन. २०१८ साली तो हटवायचा ठरला तेव्हा ठेक्याने साठ कोटींच्या वर खर्च येत होता. निगमाने यंत्रं भाड्याने घेतली, माणसं आपली लावली आणि काम दहा कोटींच्या आत आटोपलं. जमीनही शंभरेक एकर मोकळी झाली. इथे कुणी आकडा मोठा केला नाही, कामाचा हिशेब नव्याने मांडला. गोबरधनचा बायो-सीएनजी प्रकल्प २०२२ला सुरू झाला, रोज ५५० टन ओला कचरा घेणारा. तोही निगमाला पैसे देतो, घेत नाही.

आणि उलट उदाहरण: बीआरटीएस, म्हणजे बससाठीची राखीव मार्गिका. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, साडेअकरा किलोमीटर, २०१३ला सुरू. २०२५च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाच्या परवानगीने तो काढायचं ठरलं. बरोबर की चूक यावर दुसरा धागा काढा, इथे नको. मला एवढंच म्हणायचंय की बांधण्याचा खर्च एका पानावर होता, पाडण्याचा दुसऱ्या पानावर आला आणि दोन्ही पानं एकत्र कुणी वाचली नाहीत.

उषःकाल (इंदूर, सुदामानगर)

सगळे खर्चावरच बोलताय म्हणून जमेकडे वळते. मी एका सीएच्या ऑफिसात काम करते, संपत्तिकराचे फॉर्म रोज हाताखालून जातात.

पहिली गोष्ट लोक अदालत. वर्षातून चार वेळा थकबाकीदारांना अधिभारात सूट मिळते. संपत्तिकराची बाकी ५०,०००पर्यंत असेल तर अधिभार पूर्ण माफ, लाखापर्यंत निम्मा, वर २५ टक्के. वसुली होते, मान्य. पण वेळेवर भरणाऱ्या माझ्या आईला दरवेळी वाटतं आपण मूर्ख. आमच्याकडे काही क्लायंट मुद्दाम थांबतात. "दीदी, लोक अदालत कब है?" हा प्रश्न मार्चपेक्षा जास्त वेळा ऐकलाय.

दुसरी गोष्ट नाजूक आहे. आपल्याकडे कर स्वनिर्धारणाने, म्हणजे घर किती, वापर काय हे आपणच लिहायचं. स्वतः राहत असाल तर निम्मी सूट. आता सांगा, लोकमान्यनगर, सुदामानगर, वैशालीनगर, किती घरांचे वरचे मजले कोचिंगच्या मुलांना भाड्याने दिलेत? आणि त्यातल्या किती खात्यांवर 'भाड्याने' लिहिलंय? आदरपूर्वक विचारते, काका, तुमच्या खात्यावर काय लिहिलंय?

पोहे_जलेबी (इंदूर)

🍿

सयाजीबाग (वडोदरा)

धागाकर्ते?

पोहे_जलेबी (इंदूर)

दोन दिवस झाले. काका पोह्यांच्या कट्ट्यावरही दिसले नाहीत.

लोकमान्यनगरकर (इंदूर)

आहे, आहे. पुस्तकं शोधत होतो.

उषाताई, वरचा मजला सहा वर्षांपासून भाड्याने आहे. दोन मुलं राहतात, कंपनीत काम करणारी. खात्यावर सगळं घर 'स्वतः राहतो'. फॉर्म मीच भरला होता. तेव्हा वरती मुलगा-सून होते, ते बंगळूरला गेले, खोल्या भाड्याने दिल्या आणि फॉर्म तसाच पुढे सरकत राहिला. 'राहून गेलं' असं लिहिणार होतो, पण बँकेत कुणी असं म्हटलं असतं तर मी चष्म्यावरून पाहिलं असतं.

काल झोन ऑफिसात गेलो. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "अंकल, नोटिस आया क्या?" नाही म्हटलं. "फिर?" आता त्याला हा धागा कसा समजावणार. वापर बदलल्याचा अर्ज दिला, मागच्या वर्षांचा फरक काढून सांगतो म्हणाला. निघताना हळूच म्हणाला, घाई नसेल तर लोक अदालतीपर्यंत थांबा, अधिभार सुटेल. थांबणार नाही म्हटलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला आमचा मांडववाला आठवला.

पार्षदाला विचारायच्या प्रश्नाचा कागदही तयार आहे. मागच्या वर्षीची वॉर्डाची कामं, धरलेली रक्कम, झालेला खर्च, तीन रकाने. रविवारी कट्ट्यावर सह्या. खाली मंडळाच्या गणपतीचाही तसाच तक्ता जोडतोय, वर्गणी धरली किती आणि आली किती. खजिनदार कालपासून माझ्याशी बोलत नाही.

उषःकाल (इंदूर, सुदामानगर)

काका, रविवारी मी येते. आईलाही आणते.

पोहे_जलेबी (इंदूर)

सही करेन. पण काका, वरच्या मुलांचं भाडं आता वाढणार का?

लोकमान्यनगरकर (इंदूर)

करार ऑक्टोबरपर्यंत आहे.